बंगळूरचं पाणी आणि दाढीचा साबण

बंगळूरला पोस्टिंग आलं की कोर्समेट हेवा करतात. हवा चांगली, शाळा चांगल्या, कमांड हॉस्पिटल जवळ, आणि मुलं बारावीला असली तर सोन्याहून पिवळं. इथल्या पाण्याबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही. आमच्या क्वार्टरला काही दिवस कावेरीचं पाणी येतं, काही दिवस बोअरचं. कुठलं आलंय ते नळ बघून कळत नाही, दाढी करताना कळतं.

मी दाढीच्या साबणाकडे उशिरा वळलो. वडील गेले आणि साताऱ्याचं घर आवरताना त्यांचा दाढीचा डबा माझ्या वाट्याला आला. ॲल्युमिनियमची वाटी, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा, पितळी रेझर आणि तळाला चिकटलेली साबणाची पातळ चकती. वडील शाळामास्तर होते. रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून ते वीस मिनिटं दाढी करायचे आणि त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी मात्र सतराव्या वर्षी एनडीएत गेलो. तिथे दाढी म्हणजे फॉल-इनच्या आधी उरकायची गोष्ट. हनुवटीवर मोजून दहा-बारा केस, तरी रोज पातं फिरवायचंच. पुढची पंचवीस वर्षं फोमचा डबा आणि टाकाऊ रेझर. इतक्या वर्षांत माझी दाढी चार मिनिटांपलीकडे गेली नसेल.

तो डबा बंगळूरला आणला आणि ठरवलं, आता वडिलांसारखी दाढी करून बघू. पहिला प्रयोग केला तो शुद्ध गाढवपणाचा. न्हाणीघरात म्हैसूर सँडल साबणाची वडी होती. बंगळूरात राहून दुसरा कुठला साबण वापरणार? ओला ब्रश तिच्यावर घासला. वास असा सुटला की देवघरात उभा आहे असं वाटावं. फेसही झरझर वर आला. गालाला लावला, रेझर उचलला, आणि तेवढ्यात फेस बसला. गालावर नुसतं बुळबुळीत पाणी. हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं.

यात त्या साबणाची चूक काहीच नाही. अंगाचा साबण आणि दाढीचा साबण या दोन वेगळ्या जाती आहेत. अंगाचा साबण तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियमचा क्षार, यांच्यापासून होतो. त्याने वडी टणक होते आणि पाण्यात लवकर विरघळत नाही. अंघोळीला तेच हवं, नाहीतर वडी चार दिवसांत संपेल. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा क्षार घालतात, एकटा किंवा सोडियमबरोबर. त्याने साबण मऊ होतो आणि ब्रशला पटकन लागतो. दुसरं म्हणजे खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, दिसायला भरपूर, पण टिकत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि त्याचा फेस साईसारखा दाट, बारीक आणि टिकाऊ होतो. बरोबर ग्लिसरीन असलं की तो वाळत नाही. तेव्हा पहिल्यांदा साबण घेणाऱ्याने वेष्टणावरची चित्रं सोडून घटकांची यादी वाचावी. सुरुवातीलाच पोटॅशियम आणि स्टिअरिक ही दोन नावं दिसली तर वडी कामाची.

मग कँटीनमधून साधा दाढीचा साबण आणला. दोन दिवस सुंदर फेस झाला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी बोअरचं पाणी होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला आधी पकडतं आणि त्याचा राखाडी साका करून टाकतं. ते सगळं साक्यात गेल्यावर जो साबण उरेल त्याचा फेस. म्हणजे बोअरच्या पाण्यात निम्मा साबण नुसता पाण्याशी भांडण्यात जातो. या शहराला कावेरीचं पाणी १९७४ पासून मिळतंय. ते शंभरएक किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून आणावं लागतं. त्याआधी हेसरघट्टा आणि तिप्पगोंडनहळ्ळीचे तलाव होते. आता शहर इतकं फुगलंय की निम्म्या वस्त्यांना बोअर आणि टँकरशिवाय गत्यंतर नाही. माझ्यापुरता उपाय बायकोने काढला. स्वयंपाकघरातल्या आरओचं वाटीभर पाणी फक्त फेसासाठी घ्यायचं, तोंड धुवायला नळाचं. एवढ्याने सगळं बदललं. कोकणात किंवा मावळात राहणाऱ्यांना ही कटकट कळायची नाही.

बाकी कृती सोपी आहे, पण घाईच्या माणसाला जमत नाही. तोंड कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवायचं. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा असतो, भिजला की पातं त्याला सहज कापतं. ब्रश भिजवून झटकायचा, वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवायचा आणि मग वाटीत थेंबथेंब पाणी घालत घुसळायचा. नवशिक्याची चूक नेहमी एकच: साबण कमी, पाणी जास्त आणि तेही एकदम. घुसळलेल्या दह्याइतका दाट फेस झाला की थांबायचं. पातं केस वाढतात त्याच दिशेने आणि जोर न देता फिरवायचं. रेझरच्या वजनानेच काम होतं. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलट्या दिशेने फिरवायचा मोह पहिले दोन महिने आवरावा. शेवटी गार पाणी आणि तुरटी. ज्यांना वाटीत घुसळायचा कंटाळा आहे त्यांनी शेव्हिंग स्टिक घ्यावी. ती ओल्या दाढीवरच घासायची आणि वरून ब्रश फिरवायचा. प्रवासात नि फील्डमध्ये तेच बरं.

आणि सुरुवातीला महाग साबण घेऊ नका. गोदरेजची गोल वडी कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालली, आमच्या घरातही. इटलीचा प्रोरासो, इंग्लंडचा मिचेल्स वूल फॅट, तुर्कस्तानची आर्को स्टिक यांचं कौतुक खरं आहे. पण हात बसल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही. परदेशी साबण घेताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. जुन्या इंग्लिश पद्धतीचे बरेच साबण टॅलोचे, म्हणजे गायी-मेंढ्यांच्या चरबीचे असतात. फेस उत्तम होतो, पण अनेकांना ते चालणार नाही. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच शोधलं गेलं. पहिलं महायुद्ध संपायच्या सुमारास मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलांपासून साबण करायला घेतला आणि त्यात प्राण्यांची चरबी नाही हे ठासून सांगितलं. चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ घडलेल्या देशात ही साधी जाहिरात नव्हती.

त्याच सुमारास चंदनाच्या साबणाचीही सुरुवात झाली, आणि तिचं मूळ तर थेट युद्धातच आहे. बंगळूरच्या मेट्रोत ‘सँडल सोप फॅक्टरी’ नावाचं स्टेशन आहे, यशवंतपूरच्या अलीकडे. एका रविवारी मी मुद्दाम तिथे उतरलो. त्या मातीत चंदन उगवायचं, पण तेल तिथे निघत नव्हतं. म्हैसूर संस्थानात चंदनाचं झाड राज्याच्या मालकीचं. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये त्याला राजवृक्ष ठरवलं असं सांगतात. लाकूड लिलावात विकलं जायचं आणि त्यातलं पुष्कळसं जर्मनीला जायचं. तेल तिकडे काढलं जायचं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं, वाट बंद झाली आणि संस्थानाकडे चंदनाचे ढीग पडून राहिले.

तेव्हा दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्याला ते जवळचे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केली आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणाला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्याच तलावाच्या काठी पुढे एनडीए उभी राहिली. तीन वर्षं पीकॉक बेच्या त्या पाण्यात वल्ही मारली, पण हा माणूस पुढे आपल्या साबणातही भेटेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी तेल काढून दाखवलं. उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ते पुढे नेलं आणि १९१६ मध्ये संस्थानाचा तेलाचा कारखाना सुरू झाला. दोन वर्षांनी महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांना परदेशी पाहुण्यांनी म्हैसूरच्याच चंदनतेलाचा परदेशात केलेला साबण भेट दिला, अशी गोष्ट आहे. तेल आपलं, मग साबण त्यांचा का? सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनज्ञाला शिकायला इंग्लंडला पाठवलं गेलं. कब्बन पार्कजवळ कारखाना निघाला, तो १९५७ मध्ये आजच्या जागी आला. वडी लंबगोल, खोका दागिन्याच्या डबीसारखा, आणि वर शरभाचं चिन्ह: अंग सिंहाचं, डोकं हत्तीचं. स्टेशनबाहेर उभं राहिलं की अजून मंद वास येतो. माझी समजूत असेल, पण मला आला.

ज्या युद्धाने चंदनाची वाट अडवली, त्यानेच दाढीच्या ब्रशचीही अडवली, आणि तिथे माणसं मेली. चांगला ब्रश बॅजरच्या केसांचा. तो माल जर्मनीमार्गे यायचा. तो थांबला आणि घोड्याचे केस रंगवून नकली बॅजर ब्रश बाजारात आले. आशियातून आलेले हे केस पुरेसे निर्जंतुक केलेले नव्हते आणि त्यांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. नवा ब्रश, दाढी करताना पडलेली बारीक चीर, आणि तिथे काळा फोड. इंग्लंड-अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून जास्त जणांना ही लागण झाली. खंदकात गोळीने न मेलेला माणूस छावणीत ब्रशने मेला. आज नायलॉनचा साधा ब्रश घ्या, लवकर वाळतो आणि वळवळून फेसही चांगला करतो. वडिलांचा जुना ब्रश मी ठेवलाय, वापरत नाही.

स्वतःची दाढी स्वतः करायची सवयही त्याच युद्धाने पसरवली. अमेरिकेने आपल्या सैनिकांना जिलेटचे ३५ लाख रेझर वाटले. गॅसचा मुखवटा गालावर घट्ट बसायचा तर दाढी नको. आणि १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातली मिशीची सक्ती उठली. तोवर मिशी काढणं हा शिस्तभंग होता! कधी मिशी ठेवलीच पाहिजे, कधी दाढी काढलीच पाहिजे. सैनिकाचा चेहरा असा कायम कुणाच्या ना कुणाच्या हुकुमाखाली असतो. आमच्याकडे शीख बांधवांची दाढी हा मानाचा अपवाद आणि नौदलात परवानगीने दाढी चालते. बाकीच्यांनी रोज पातं फिरवायचं.

त्याआधी साहेबाच्या दाढीचं काम न्ह्याव्याचं. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल फोर्थ हुसार्सबरोबर याच बंगळूरच्या कँटोन्मेंटमध्ये आला. आत्मचरित्रात त्याने इथली सकाळ लिहिली आहे. उजाडायच्या आत, अर्धवट झोपेत असताना एक गार, ओला हात हनुवटी वर उचलायचा आणि फेस लावलेल्या उघड्या गळ्यावर वस्तरा फिरायचा. (क्लबाचं तेरा रुपयांचं बिल थकवून तो गेला. थकबाकीच्या वहीतलं ते नाव बंगळूर क्लब अजून कौतुकाने दाखवतो.) ते वाचताना मला नेहमी धोकटी काखेत मारून अंधारात व्हरांड्यात चढणारा तो न्हावी दिसतो. राज्य करणाऱ्याचा गळा रोज त्याच्या हातात, आणि त्याचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलेलं नाही.

उलटी बाजू इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर वेल्लोरला आहे. १८०५-०६ मध्ये मद्रास सैन्याचा सेनापती सर जॉन क्रॅडॉक याने नवे नियम काढले. परेडवर कपाळी गंध-भस्म नको, कानात बाळी नको, हनुवटी तुळतुळीत हवी, मिशी ठरलेल्या नमुन्याची हवी आणि डोक्यावर नवी टोपीवजा पगडी. तिचा तुरा चामड्याचा. हा हुकूम काढणाऱ्यांना त्यात फक्त टापटीप दिसत होती. शिपायांना धर्म जाताना दिसत होता. मे महिन्यात वेल्लोरला पगडी नाकारणाऱ्या दोघांना, एक हिंदू आणि एक मुसलमान, नऊशे-नऊशे फटक्यांची शिक्षा झाली. १० जुलै १८०६ च्या पहाटे किल्ल्यात उठाव झाला. टिपूची मुलं तिथेच कैदेत होती आणि किल्ल्यावर म्हैसूरचा झेंडाही चढला. शंभराहून जास्त गोरे मेले. अर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन काही तासांत पोचला आणि मग झालेल्या कत्तलीत शिपाई शेकड्यांनी मेले. नियम मागे घेतले गेले. क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक दोघांना परत बोलावलं. कारणं आणखीही होती, टिपूच्या घराण्याचा हात होता की नाही यावर इतिहासकार वाद घालतात. पण मला त्यात अडतं ते हे: नियम लिहिणाऱ्याने ज्याच्या हनुवटीबद्दल लिहायचं त्याला एकदाही विचारलं नाही.

हे मला का अडतं, ते सांगतो.

मी कॅप्टन होतो. जागा उत्तरेकडची, थंडीची. लातूरकडचा एक शिपाई, विशीतला, नवाच आलेला. परेडवर त्याच्या गळ्याखाली काळपट खुंट आणि लाल पुरळ दिसली. मी सगळ्यांसमोर विचारलं, “दाढी का नाही केली?”

“केली सर.”

“ही केलेली दाढी आहे? उद्या नीट करून ये.”

दुसऱ्या दिवशी तो नीट करून आला. म्हणजे जुन्या पात्याने, उलट्या दिशेने, दोनदा, बर्फासारख्या पाण्यात, अंगाच्या साबणावर. कॉलरवर रक्ताचे ठिपके होते. मी त्याला पुन्हा झापलं, या वेळी मळक्या कॉलरबद्दल. तिसऱ्या दिवशी त्याला सुभेदार साहेबच आरएमओकडे घेऊन गेले आणि तो चौदा दिवसांची दाढी माफ असल्याची चिट्ठी घेऊन आला. ती चिट्ठी बघून मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. सुभेदार साहेब ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चिट्ठी माझ्या हातातून घेऊन घडी घालून खिशात ठेवली.

त्याचे केस कुरळे होते. कुरळा केस कातडीच्या सपाटीखाली कापला गेला की वाढताना परत आत वळतो आणि कातडीत शिरतो. त्याचीच ती पुरळ. जितकी गुळगुळीत दाढी, तितकी पुरळ जास्त. अशा माणसाला उपाय एवढाच: आधी काही दिवस पातं बंद, मग भरपूर फेस, धारदार पातं, केसाच्या दिशेने एकच हात, आणि थोडा खुंट राहिला तर राहू द्यायचा. हे सगळं मला चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या गळ्याखाली तशीच पुरळ उठल्यावर, वडिलांच्या वाटीत फेस घुसळताना कळलं. तेव्हा मला फक्त हनुवटी कशी दिसते तेवढं ठाऊक होतं. युनिटमध्ये कुणीही त्या पोराला दाढी कशी करायची ते दाखवलं नव्हतं. मला तरी कुठे कुणी दाखवलं होतं? वडील दाखवू शकले असते, पण मी त्या वीस मिनिटांत कधी शेजारी उभा राहिलो नाही.

तो आता हवालदार आहे. दर दिवाळीला फोन करतो, सगळ्या जुन्या साहेबांना करतो तसा. या वेळी मी तो विषय काढला. म्हटलं, त्या वेळी माझं चुकलं होतं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “कवाची गोष्ट काढता सर. आता मी मशीन फिरवतो, पातंच लावत नाय. मस्त हाय.”

मी म्हटलं, एक चांगला दाढीचा साबण आणि ब्रश पाठवतो, बघ तर वापरून.

“दाढीचा नको सर,” तो म्हणाला. “तुमी बंगळूरला हाव ना? तो चंदनाचा पाठवा. मंडळींना आवडतो.”

रविवारी पुन्हा त्या स्टेशनवर उतरलो. सहा वड्यांचं पार्सल केलंय.